विश्लेषण : बुटाच्या टोकामुळे गोल रद्द! फुटबॉलमधला ‘ऑफसाइड’ नेमका कशासाठी?

२० नोव्हेंबर २०२२. कतारचे अल बायत स्टेडियम. भारतात रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते आणि फुटबॉल विश्वचषक सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटे झाली होती. इक्वेडोरचा कर्णधार एनर व्हॅलेन्सियाने हेडर मारून चेंडू यजमान कतारच्या जाळ्यात धाडला. स्पर्धेतला पहिला गोल म्हणून जल्लोष झाला आणि थोड्याच वेळात तो गोल रद्द झाला. टीव्हीवर रिप्ले पाहणाऱ्या अनेकांना कारणच कळेना. व्हॅलेन्सिया तर कुठेच पुढे दिसत नव्हता.

काही वेळाने पडद्यावर संगणकाने तयार केलेले त्रिमितीय चित्र आले. दोषी व्हॅलेन्सिया नव्हताच. गोलच्या आधी चेंडू ज्याच्याकडे गेला, त्या मायकेल एस्त्रादाचा एक पाय बचावपटूच्या पुढे होता. कतारचा गोलरक्षक चेंडू अडवायला पुढे धावून आला होता, म्हणून मागे एकच कतारी खेळाडू उरला होता. नियमाला दोन लागतात.

निर्णय अचूक होता. तरीही चार वर्षे वाट पाहून विश्वचषक लावून बसलेल्या प्रेक्षकाला पहिला गोल का गेला हे चित्र काढून समजावावे लागले, यातच ऑफसाइडचे आजचे दुखणे आहे. फुटबॉलचे १७ नियम आहेत. त्यांतल्या या ११ व्या नियमावर जेवढी भांडणे होतात, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावर होत असतील.

नियम साध्या शब्दांत

सहकाऱ्याने चेंडू मारला किंवा त्याला स्पर्श केला, तो क्षण पकडायचा. त्या क्षणी आक्रमण करणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात असेल, चेंडूच्या पुढे असेल आणि प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड स्थितीत आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागू व्हाव्या लागतात. शेवटचा खेळाडू बहुतेक वेळा गोलरक्षकच असतो, म्हणून बोलताना आपण ‘शेवटच्या बचावपटूच्या पुढे’ असे म्हणून जातो. एस्त्रादाच्या वेळी नेमका हाच घोटाळा प्रेक्षकांचा झाला. शेवटचा खेळाडू गोलरक्षकच असावा असे नियम सांगत नाही, फक्त शेवटून दुसरा माणूस कुठे आहे ते पाहायचे.

डोके, धड आणि पाय मोजायचे. हात मोजायचे नाहीत, कारण हाताने गोल करता येत नाही. हात कुठे सुरू होतो? काखेच्या खालच्या टोकापासून, असे उत्तर नियमातच दिलेले आहे. म्हणजे खांदा मोजला जातो, दंड मोजला जात नाही.

बचावपटूच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑफसाइड नसतो. आपल्या अर्ध्या भागात असलेलाही नसतो. थ्रो-इन, कॉर्नर किक किंवा गोल किकवरून थेट चेंडू मिळाला, तर कुठेही उभे असले तरी चालते.

सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग पुढचा आहे. ऑफसाइड स्थितीत असणे हा गुन्हा नाही. त्या स्थितीतल्या खेळाडूने चेंडू खेळला, प्रतिस्पर्ध्याला अडवले किंवा गोलरक्षकाच्या नजरेआड येऊन त्याला त्रास दिला, चेंडू खांबाला किंवा गोलरक्षकाला लागून परत आल्यावर त्याचा फायदा घेतला, तरच शिट्टी वाजते. नुसता बाजूला उभा असेल तर खेळ चालू राहतो. ‘अरे, तो तर दोन मीटर पुढे होता!’ असे ओरडणाऱ्यांपैकी अनेक जण इथेच चुकतात.

क्रिकेटमधला ऑफ साइड मात्र पूर्ण वेगळा. तिथे तो मैदानाच्या एका बाजूचे नाव आहे. स्टान्स घेतलेला फलंदाज ज्या बाजूला तोंड करून उभा असतो ती ऑफ, पाठीमागची ती लेग. तिथे कुणी ‘ऑफसाइड’ होत नाही. कव्हर ड्राइव्ह पाहत वाढलेल्या प्रेक्षकाचा फुटबॉलकडे वळताना पहिला गोंधळ बरेचदा याच शब्दाने होतो.

शब्द आला कुठून?

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या निवासी शाळांतून. तिथे फुटबॉल म्हणजे चेंडूभोवती दोन्ही बाजूंच्या मुलांचा घोळका. आपल्या घोळक्यापासून तुटून पुढे गेलेला मुलगा ‘आपल्या बाजूपासून सुटलेला’, म्हणजे ऑफ साइड. ईटन शाळेत या प्रकाराला दिलेला शब्द जास्त बोलका आहे. तिथे त्याला चोरून घुसणे अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाने ओळखत. गोलजवळ दबा धरून बसायचे आणि चेंडू आला की ढकलून मोकळे व्हायचे, हे त्या मुलांना मर्दानी वाटत नव्हते.

गल्लीत फुटबॉल खेळलेल्या कुणालाही हा खेळाडू ओळखीचा वाटेल. सगळे धावत असतात आणि एक जण दोन चपलांच्या गोलपाशी कमरेवर हात ठेवून उभा असतो. ऑफसाइड त्याच्यासाठी जन्माला आला.

१८६३ मध्ये लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम केले, तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक सहकारी खेळाबाहेर मानला जाई. रग्बीत आजही तत्त्व तेच आहे, म्हणूनच रग्बीत चेंडू हाताने मागे किंवा आडवाच द्यावा लागतो. शेफिल्डच्या क्लबांच्या सुरुवातीच्या नियमांत मात्र ऑफसाइड नव्हताच. तिथले संघ प्रतिस्पर्ध्यांच्या गोलपाशी आपली माणसे बिनदिक्कत उभी करत. एकाच देशात, एकाच काळात दोन टोके होती. १८६६ मध्ये असोसिएशनने मधला मार्ग काढला : पुढे उभे राहा, पण तुमच्या आणि गोलरेषेच्या मध्ये किमान तीन प्रतिस्पर्धी हवेत.

पुढे पास देण्याची मुभा यातून मिळाली. आज आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो खेळ त्या दुरुस्तीतून घडत गेला. नंतर १९०७ मध्ये स्वतःच्या अर्ध्या भागातला ऑफसाइड गेला आणि १९२० मध्ये थ्रो-इनला सूट मिळाली. नियमाची वाटचाल जवळजवळ सतत एकाच दिशेने झाली आहे. आक्रमण करणाऱ्याला प्रत्येक वेळी थोडी जास्त मोकळीक मिळत गेली.

तीनाचे दोन, आणि गोलांचा पाऊस

तीन माणसांच्या नियमात एक फट होती. दोन फुलबॅकपैकी एकच जण जरा पुढे सरकला की समोरचा आघाडीपटू ऑफसाइड. दुसरा फुलबॅक आणि गोलरक्षक मागे सुरक्षित. फसले तरी एक माणूस शिल्लक. न्यूकॅसल युनायटेडचा बिल मॅक्रॅकन यात इतका तरबेज झाला, की या डावपेचासोबत त्याचेच नाव जोडले गेले. बाकीच्या क्लबांनी त्याची नक्कल केली आणि सामने मैदानाच्या मधल्या पट्ट्यात कोंडले. दर दोन मिनिटांनी शिट्टी. प्रेक्षक कंटाळले, क्लबांना गल्ल्याची काळजी लागली.

१९२५ मध्ये तीनाचे दोन झाले. एका आकड्याचा बदल. १९२४-२५ च्या हंगामात इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत १,१९२ गोल झाले होते. पुढच्या हंगामात तितक्याच, म्हणजे ४६२ सामन्यांत १,७०३ झाले. सामन्यामागे सरासरी अडीचवरून पावणेचारच्या जवळ गेली.

बचाव करणाऱ्यांनीही मग डोके चालवले. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलकडून ०-७ असा मार खाल्ल्यावर आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन आणि त्यांचा खेळाडू चार्ली बकन यांनी सेंटर-हाफला मागे खेचून दोन फुलबॅकच्या मध्ये उभे करण्याचा मार्ग स्वीकारला. इंग्रजीतल्या डब्ल्यू आणि एम या अक्षरांसारखी दिसणारी ती रचना पुढची दोन-तीन दशके गाजली. आज आपण ज्याला सेंटर बॅक म्हणतो, त्याचे मूळ त्या बदलात आहे. खेळाडू मैदानावर कुठे उभे राहतात, हे प्रशिक्षकांपेक्षा ऑफसाइडनेच जास्त ठरवले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सापळा आजही लावतात

दोन माणसांच्या नियमात सापळा लावणे धोक्याचे झाले, पण थांबले नाही. चारही बचावपटू एका दोरीत बांधल्यासारखे पुढे येतात आणि पास सुटण्याच्या क्षणी प्रतिस्पर्धी मागे राहून जातो. एकाचा पाय जरी उशिरा उचलला गेला तरी सगळे मुसळ केरात.

२२ नोव्हेंबर २०२२ रोजी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाविरुद्ध हेच केले. पूर्वार्धात मेसीने पेनल्टीवर एक गोल केला, पण त्यानंतर अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले : एक मेसीचा, दोन लाउतारो मार्टिनेझचे. सौदीने सामना २-१ असा जिंकला. पुढे जगज्जेता ठरलेल्या संघाचा त्या स्पर्धेतला तो एकमेव पराभव. २६ ऑक्टोबर २०२४ च्या एल क्लासिकोत बार्सिलोनाने रेयाल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ४-० असे हरवले, तेव्हा माद्रिदचे खेळाडू १२ वेळा ऑफसाइड पकडले गेले. त्यांतले ८ वेळा एकटा किलियन एम्बापे. जगातल्या सर्वांत वेगवान आघाडीपटूंपैकी एकाला बार्सिलोनाने धावून पकडलेच नाही. ते फक्त दोन पावले पुढे आले.

नियमाचे खाचखळगे

काही प्रसंग असे घडले, की जाणकारांनाही नियमपुस्तिका उघडावी लागली. युरो २००८ मध्ये इटलीचा पानुची गोलरेषेच्या बाहेर पडला होता. मैदानात गोलरक्षकाखेरीज कुणी मागे नव्हते आणि नेदरलँड्सच्या व्हॅन निस्टलरॉयने गोल केला. गोल ग्राह्य धरला गेला, कारण खेळाच्या ओघात रेषेबाहेर गेलेला बचावपटू रेषेवरच आहे असे मानतात. तसे मानले नाही, तर बचावपटू सरळ मैदानाबाहेर पाऊल टाकून कुणालाही ऑफसाइड करू शकतील.

२०१८ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाच्या किम यंग-ग्वोनने जर्मनीविरुद्ध भरपाई वेळेत गोल केला आणि ऑफसाइडचा झेंडा वर गेला. व्हिडिओ पाहिल्यावर कळले, की चेंडू शेवटचा लागला होता तो जर्मनीच्या टोनी क्रूसला. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडून आला, मग ऑफसाइड कसला? गोल दिला गेला, कोरिया २-० जिंकला आणि गतविजेता जर्मनी गटातच बाद झाला.

१० ऑक्टोबर २०२१ च्या नेशन्स लीग अंतिम सामन्याने मात्र नियमाचीच लाज काढली. एम्बापे स्पष्ट पुढे होता. त्याच्याकडे जाणारा पास अडवायला स्पेनचा एरिक गार्सिया घसरला आणि चेंडू त्याच्या बुटाला निसटता लागला. ‘बचावपटूने चेंडू जाणीवपूर्वक खेळला’, म्हणून ऑफसाइड मिटला, गोल वैध ठरला आणि फ्रान्स २-१ असा जिंकला. गार्सियाने प्रयत्नच केला नसता तर गोल रद्द झाला असता! प्रामाणिक प्रयत्नाला शिक्षा करणारा हा अर्थ कुणालाच पटला नाही. २०२२ मध्ये नियमांच्या मंडळाने स्पष्टीकरण काढले : बचावपटूचा चेंडूवर ताबा मिळवण्याइतका अवधी आणि तोल होता का, तेही पाहायचे. हे शहाणपण अंतिम सामन्याआधी सुचले असते तर बरे झाले असते.

कॅमेरा आला, रेषा बारीक झाली

२७ जून २०१० रोजी जोहान्सबर्गमध्ये अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझने मेक्सिकोविरुद्ध केलेला गोल इतका उघड ऑफसाइड होता, की स्टेडियममधल्या मोठ्या पडद्यावर रिप्ले लागताच मेक्सिकोचे खेळाडू रेफ्रींभोवती गोळा झाले. साहाय्यक रेफ्रींनीही तो पडदा पाहिला असणारच. पण व्हिडिओ पाहून निर्णय बदलण्याची सोय नियमात नव्हती. मैदानातल्या सगळ्यांना खरे माहीत आणि निर्णय मात्र खोटा, अशी ती विचित्र अवस्था होती. अशा प्रसंगांतूनच व्हिडिओ असिस्टंट रेफ्री, म्हणजे व्हीएआर, ही व्यवस्था आली. विश्वचषकात ती पहिल्यांदा २०१८ मध्ये दिसली.

तेवेझसारख्या चुका त्यामुळे थांबल्या, आणि तेवढ्यासाठी व्हीएआरचे स्वागतच करायला हवे. पण कॅमेऱ्याला मोठी चूक आणि छोटी चूक असा भेद कळत नाही. तो सगळेच मोजतो. आणि मोजण्याला मर्यादा असतात. त्या समजायला शाळेतले गणित पुरते.

नेहमीचा प्रक्षेपण कॅमेरा सेकंदाला ५० चित्रे टिपतो. दोन चित्रांमध्ये २० मिलिसेकंदांचे अंतर. ताशी ३० किलोमीटर वेगाने पळणारा आघाडीपटू सेकंदाला सव्वाआठ मीटरहून जास्त जातो, म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये १६-१७ सेंटीमीटर. बचावपटू त्याच वेळी उलट दिशेने ताशी १५ किलोमीटरने पुढे येत असेल, तर आणखी ८ सेंटीमीटर. दोघांमधले अंतर एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत जवळपास पाव मीटरने बदलते. पास कोणत्या चित्रात ‘सुटला’ हे माणसाने ठरवायचे आणि मग बुटाच्या टोकावरून रेषा ओढायची. पाव मीटरच्या शंकेवर एका सेंटीमीटरचा निकाल! २०१९ नंतरची काही वर्षे प्रीमियर लीगमध्ये काखा आणि अंगठे मोजण्याची जी चेष्टा झाली, तिचे मूळ इथे होते.

२०२२ च्या विश्वचषकात वापरलेले निम-स्वयंचलित तंत्र याच्या बरेच पुढचे आहे. स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा नोंद. चेंडूच्या आत संवेदक, तो सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवतो. पायाचा चेंडूला पहिला स्पर्श त्यामुळे २ मिलिसेकंदांच्या आत पकडता येतो. प्रीमियर लीगने निम-स्वयंचलित ऑफसाइड १२ एप्रिल २०२५ पासून सुरू केले. शंका कमी झाली. शून्य झाली नाही. खेळाडूंची स्थिती अजूनही सलग टिपली जात नाही आणि मधले क्षण संगणक हिशेबाने भरतो.

बरोबर, पण पटणारे?

२९ जून २०२४, डॉर्टमुंड. युरो स्पर्धेत यजमान जर्मनीविरुद्ध डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनने गोल केला. टॉमस डिलेनीच्या बुटाचे टोक पुढे होते म्हणून तो रद्द झाला. पाच मिनिटांत त्याच अँडरसनच्या हाताला चेंडू लागला, पेनल्टी मिळाली आणि जर्मनी पुढे गेला. डेन्मार्क ०-२ असा हरून घरी परतला. प्रशिक्षक कॅस्पर ह्युलमंड पत्रकार परिषदेत फोनवर ते चित्र दाखवत बसले होते. एका सेंटीमीटरने काय फायदा झाला, हा त्यांचा सवाल होता.

सवाल रास्त आहे. १८६३ मध्ये ज्याला रोखायचे होते, तो गोलपाशी दबा धरणारा खेळाडू डिलेनी नव्हता. बुटाच्या टोकाने त्याला काडीचा लाभ झाला नाही. नियमातला एक शब्दही न बदलता, केवळ मोजण्याचे साधन बदलल्याने नियम कडक झाला आहे. पूर्वी साहाय्यक रेफ्रीच्या डोळ्याला ‘बरोबरीत’ दिसणारा खेळाडू बरोबरीतच असे. त्या शब्दाला आपोआप काही सेंटीमीटरची जाडी होती. १९९० मध्ये बरोबरीतल्या खेळाडूला वैध ठरवण्यामागचा हेतू तोच होता, शंका असेल तर आक्रमकाला संधी द्या. संगणकापुढे बरोबरी जवळजवळ कधीच होत नाही.

क्रिकेटने या अडचणीवर तोडगा काढलेला आहे. डीआरएसमध्ये चेंडू यष्टीला निसटता लागताना दिसला, तर मैदानावरच्या पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. ‘अंपायर्स कॉल’वर कितीही टीका झाली, तरी यंत्राला मर्यादा असते हे त्यात मान्य केलेले आहे. फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगने २०२१-२२ च्या हंगामात रेषा जाड करून तसाच प्रयत्न केला. जाड रेषेचीही कड असतेच आणि त्या कडेवर पुन्हा कुणाचा तरी बूट येणार, हा आक्षेप खरा आहे. पण त्या कडेवर वाद होईल तेव्हा खेळाडू निदान डोळ्याला दिसेल इतका पुढे असेल. डिलेनीपेक्षा ते बरे.

फिफात जागतिक फुटबॉल विकासाची जबाबदारी सांभाळणारे आर्सेन वेंगर यांचा प्रस्ताव याहून मोठी उडी घेतो. गोल करू शकणारा शरीराचा कोणताही भाग बचावपटूच्या बरोबरीत असेल तर खेळाडू वैध. म्हणजे दोघांमध्ये ‘उजेड’ दिसला तरच ऑफसाइड. आक्रमकांना जवळपास एका शरीराची सूट मिळेल. धोका असा, की बचावपटू घाबरून आणखी मागे जातील आणि गोल वाढण्याऐवजी गोलपुढे गर्दीच वाढेल. १९२५ नंतर चॅपमननीही माणूस मागेच नेला होता.

किंमत फक्त गोलांची नाही

व्हीएआरमुळे साहाय्यक रेफ्रींना सूचना असते, की गोलची संधी दिसत असेल आणि ऑफसाइड अगदी उघड नसेल तर झेंडा लगेच वर करू नका, हल्ला पूर्ण होऊ द्या. झेंडा चुकला तर गोल परत देता येत नाही, म्हणून. पण त्या वाढीव सेकंदांत खेळाडू जिवाच्या आकांताने धावत असतात. ११ मे २०२५ रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि लेस्टर यांच्या सामन्यात अँथनी एलांगा ऑफसाइड होता, झेंडा उशिरा आला आणि दरम्यान चेंडूसाठी झेपावलेला ताइवो अवोनियी गोलच्या खांबावर आदळला. पोटाला गंभीर इजा झाली, तातडीची शस्त्रक्रिया झाली आणि त्याला काही काळ कृत्रिम कोमात ठेवावे लागले. मुळात जी चाल चालायलाच नको होती, तिच्यात एक माणूस मरणाच्या दारात गेला.

आणि यंत्र असले तरी ते वाचणारा माणूसच असतो. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा गोल वैध होता. व्हीएआर कक्षाने तसे तपासलेही. पण मैदानावरचा निर्णय ‘गोल’ असाच आहे, असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले. मैदानावर मात्र झेंडा वर होता. चूक उमगली तोवर खेळ पुन्हा सुरू झाला होता आणि नियमानुसार मागे जाता येत नव्हते. लिव्हरपूल १-२ असा हरला. तिथे सेंटीमीटरचा प्रश्नच नव्हता, एकमेकांशी नीट बोलण्याचा होता.

भारतात काय?

इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५ पर्यंतच्या एकाही हंगामात व्हीएआर नव्हते. फातोर्डा असो वा अंधेरी, ऑफसाइडचा शब्द साहाय्यक रेफ्रीच्या झेंड्याचाच. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार अशा पेठांच्या संघांसाठी गॅलरी भरते, तिथे तर तो झेंडा हजारो लोकांच्या हाकेच्या अंतरावर असतो. युरोपात सेंटीमीटरची चर्चा चालू असताना आपल्याकडचा प्रश्न अजून तेवेझच्या टप्प्यावर आहे : डोळ्यादेखतची ढळढळीत चूक तरी दुरुस्त करता यावी.

ते काम किती अवघड आहे याची प्रेक्षकाला क्वचितच कल्पना असते. साहाय्यक रेफ्रीला शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या सरळ रेषेत सतत पळावे लागते. एक-दोन मीटर मागे-पुढे झाले की तिरका कोन पडतो आणि पुढचा मागे, मागचा पुढे दिसू लागतो. शिवाय चाळीस मीटर दूर चेंडू कधी सुटला हेही त्याच क्षणी पाहायचे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस हे काम करत २०१६ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकापर्यंत पोहोचल्या. आपल्याकडे अशी नावे स्कोअरकार्डाच्या तळाशीच राहतात.

ऑफसाइड काढूनच टाकला तर? भारताच्या आवडीच्या दुसऱ्या एका खेळाने ते करून पाहिले आहे. हॉकीत १९९६ मध्ये प्रयोग म्हणून ऑफसाइड बंद झाला आणि १९९८ पासून कायमचा गेला. हॉकी बंद पडली नाही. पण हॉकीत गोल फक्त डीच्या आतून मारता येतो आणि चेंडू उंचावून डीमध्ये टाकण्यावर बंधने आहेत. फुटबॉलमध्ये चाळीस मीटरवरून उंच चेंडू डोक्यावर टाकता येतो. तिथे ऑफसाइड गेला तर सर्वांत उंच माणसे गोलपाशी उभी करण्याची स्पर्धा लागेल, आणि ईटनच्या मुलांना जे नको होते तेच परत येईल.

मोबाइलवर सामना पाहताना एक ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मुख्य कॅमेरा मध्यरेषेजवळ उंचावर असतो, त्यामुळे गोलकडच्या भागातले खेळाडू तिरके दिसतात आणि अंदाज हमखास चुकतो. पास सुटण्याच्या क्षणी चित्र थांबवा आणि खेळाडूंकडे न पाहता गवताच्या गडद-फिक्या पट्ट्यांकडे पाहा. ते पट्टे सहसा गोलरेषेला समांतर कापलेले असतात. बचावपटूचा पाय कोणत्या पट्ट्यावर आहे आणि आघाडीपटूचा कोणत्या, हे पाहिले की निम्म्याहून जास्त वाद तिथेच मिटतात. पुढे झुकलेला खांदा किंवा गुडघा मात्र असा मोजता येत नाही, त्यासाठी खाली जमिनीपर्यंत ओळंबा सोडावा लागतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर मुळात पट्टेच नसतात.